आवाजाने हल्लेखोर खरंच बिचकतो का? बहिणीसाठी विचारतेय

वृषाली_सिन्नर
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण नाशिकला एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, सेकंड शिफ्ट असली की सुटायला रात्रीचे नऊ-साडेनऊ होतात आणि हँडओव्हर लांबला तर दहा पण वाजतात. शेअर रिक्षा मेन रोडला सोडते, तिथून रूम बरीच आत आहे, एका बाजूला बंद पडलेल्या कंपनीची लांबलचक भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळे प्लॉट, खांबावरचे दिवे एक चालू तर दोन बंद. गेल्या आठवड्यात एक बाईकवाला तिच्या मागे मागे अगदी हळू गाडी चालवत आला, काही बोलला नाही, कोपऱ्यावरून वळून गेला. तिने घरी सांगितलं तेव्हापासून आईला झोप नाही.

रूम बदलायचं बघतोय पण डिपॉझिट अडकलंय, थोडा वेळ जाणारच. तोपर्यंत काय करायचं? मावसभाऊ म्हणतो ते ऑनलाइन छोटं सायरन मिळतं ना, किचेनसारखं, पिन ओढली की बोंबलतं, ते घेऊन दे, खोक्यावर १३० डेसिबल लिहिलंय. आईचं म्हणणं नुसत्या आवाजाने काय होणार, उलट तो चिडून अजून मारेल. बहीण पेपर स्प्रे घेते म्हणतेय पण वारा उलटा असला तर आपल्याच डोळ्यांत जातो असं तिच्या मैत्रिणींनी सांगितलंय.

मला एवढंच कळून घ्यायचंय की मोठ्या आवाजाने समोरच्या माणसाचं नक्की होतं काय, आणि सायरन, शिट्टी की स्वतःचा घसा, यातलं कामाला काय येतं. ज्यांनी हे शिकवलंय किंवा वापरलंय त्यांनी सांगा, नुसतं काळजी घ्या सांभाळून रहा नको प्लीज, ते आम्ही घेतोच आहे.

कराटे_ताई_कोल्हापूर
वृषालीताई, मी शाळेतल्या आणि कॉलेजच्या मुलींना कराटे शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजचा आहे. जरा लांबलचक लिहितेय.

अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो, हे दचकणं त्याच्या हातात नसतं. पापण्या मिटतात, खांदे वर येतात, मान आत जाते, हाताची पकड क्षणभर बिघडते. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत होऊन संपतं, त्यानंतर तो मान वळवून आवाज कुठून आला ते बघतो आणि मग परत तुमच्याकडे लक्ष देतो. म्हणजे तुमच्या हातात एक, फार तर दोन सेकंद. तोच आवाज परत परत आला तर तो तेवढा दचकत नाही, आणि दारू प्यायलेला असेल तर पहिल्यांदाही कमीच दचकतो. म्हणून जे कोणी सांगतं की सायरन वाजवा आणि हल्लेखोर पळून जाईल, त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. काही पळतात, कारण लोक येतील ही भीती खरी असते. पण आपण त्या भरवशावर उभं राहायचं नाही.

त्या एका सेकंदात तुम्ही काय करता यावर सगळं आहे. कमांडो लोक जे स्टन ग्रेनेड (नुसता प्रचंड आवाज आणि लख्ख उजेड करून समोरच्याला गोंधळवणारे बॉम्ब) वापरतात त्याचंही हेच. १९७७ मध्ये सोमालियातल्या मोगादिशू विमानतळावर अपहरण झालेलं लुफ्तान्सा या जर्मन कंपनीचं विमान जर्मन कमांडोंनी सोडवलं तेव्हा असेच ग्रेनेड फोडले होते, पण फोडले आणि त्याच क्षणी ते आत घुसले. फोडून बाहेर थांबले असते तर अपहरणकर्ते सावरले असते. आपल्या मुलीनेही आवाज आणि पाय एकत्र हलवायचे. मी क्लासमध्ये नुसतं ओरडायला कधीच शिकवत नाही, ओरड आणि हात झटकून सोडव आणि पळ, तिन्ही एका दमात, परत परत, इतकं की विचार करायला लागू नये. कुठे पळायचं तेही आधीच ठरलेलं हवं. भिंतीच्या बाजूने नाही, अंधाऱ्या प्लॉटकडे तर नाहीच, जिथे दुकान, टपरी, वॉचमनची केबिन असेल तिकडे, जरी ते मागे असलं आणि घर पुढे असलं तरी.

घशाबद्दल. कराटेत मारताना जी ओरड काढतो तिला किआई म्हणतात, ती पोटातून येते, श्वास जोरात बाहेर पडतो आणि पोटाचे स्नायू घट्ट होतात, म्हणजे नेमका फटका बसत असताना अंग ताठ राहतं आणि श्वास अडकून राहत नाही. हे महत्त्वाचं आहे कारण घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो. आपल्या मुलींचा आवाज पहिल्या दिवशी गळ्यातून येतो, बारीक, कारण लहानपणापासून हळू बोल हळू बोल ऐकलेलं असतं. आठवड्या दोन आठवड्यांत तो पोटातून यायला लागतो, आणि मग त्या मुलीचं चालणंही बदललेलं दिसतं. मला त्या क्षणाचा फार आनंद होतो.

अजून एक सांगायचं राहिलं, काही जणींचा आवाज प्रसंगी अजिबात निघत नाही, अंग गोठतं. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, भित्रेपणा नाही, आणि नंतर तू ओरडली का नाहीस असं त्या मुलीला कुणीही विचारू नये. सायरनचा खरा उपयोग मला इथे वाटतो, घसा बंद पडला तरी बोट पिन ओढू शकतं.

पाटील_एस_के
आईंचं म्हणणं मला पटतं. समोरचा एकटा असेल आणि आजूबाजूला चिटपाखरू नसेल तर ओरडलं की तो पहिला तोंड दाबणार किंवा गळा धरणार. शांत राहून गोड बोलून वेळ काढावा. पर्स मोबाईल मागितला तर देऊन टाकावा.

कराटे_ताई_कोल्हापूर
पाटीलदादा, पर्स मोबाईल देऊन टाकावा हे शंभर टक्के बरोबर, त्यातही चाकू दिसला तर वस्तूसाठी अजिबात झगडू नये, लांब फेकावी आणि उलट्या दिशेने पळावं. पण त्याला वस्तू नको असेल, तिलाच ओढायचं असेल तर विनवण्यांनी वेळ निघत नाही, तो वेळ त्याला मिळतो. बलात्काराच्या प्रयत्नांवर जो अभ्यास झालाय त्यात सारखं हेच दिसतं की जोरात ओरडणं, झटापट करणं, पळणं यांनी सुटण्याची शक्यता वाढते, रडून विनवण्या करण्याने वाढत नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलींना एकूण १२ तासांचं प्रशिक्षण दिलं होतं, धोका ओळखणं, ठाम बोलणं, ओरडणं, मारणं असं सगळं त्यात, २०१५ मध्ये निकाल छापून आले. ज्यांना नुसती माहितीपत्रकं दिली होती त्यांच्यात वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के निघालं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२. जवळजवळ निम्मं. आणि त्यांना कुठलंही यंत्र दिलेलं नव्हतं.

गळा धरायची भीती खरी आहे, म्हणून तर तो हात लावायच्या आधी ओरडायचं. अंतर असतानाच. बाईकवाला हळू झाला, थांबला, उतरला, तिथेच. पकडल्यावर ओरडणं हा दुसरा चान्स आहे, पहिला नाही.

आवाजातला_माणूस
मी साऊंड सिस्टीमच्या धंद्यात आहे, लग्नाचे हॉल, सभा, सगळीकडे मीटर घेऊन फिरतो, त्यामुळे त्या १३० डेसिबलबद्दल थोडं लिहितो कारण त्यात ग्राहकाची फसगत होते.

खोक्यावर आकडा असतो पण किती अंतरावर मोजला ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, दहापट झालं की २० ने. म्हणजे समजा १० सेंटीमीटरवर खरंच १३० असेल तर एका मीटरवर ११०, दहा मीटरवर ९०, शंभर मीटरवर ७०. आता ७० डेसिबल म्हणजे रहदारीच्या रस्त्यावर कडेला उभं राहिलात तर जेवढा गोंगाट असतो साधारण तेवढा, तिथे तो हरवणार. पण रात्री दहाला आतल्या शांत रस्त्यावर ७० चांगलाच कानावर येतो, बंद खिडकीतून मात्र बराच कमी. म्हणजे ताईंच्या बहिणीच्या रस्त्यावर सायरनचा उपयोग आहे, सीबीएस (नाशिकचं मुख्य बस स्टँड) सारख्या गजबजाटात तेवढा नाही. स्वस्तातली बरीच यंत्रं तर लिहिलेल्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत, आल्यावर एकदा मोकळ्या मैदानात कुणाला तरी लांब उभं करून वाजवून बघा. कानाजवळ धरून अजिबात वाजवू नका, घरात लहान मुलांसमोर तर नाहीच, एवढ्या आवाजाने कानाला कायमची इजा होऊ शकते.

घ्यायचं तर पिन पूर्ण निघून हातात येणारं घ्या, बटणवालं नको. बटण तोही बंद करू शकतो. पिन ओढायची, खिशात टाकायची आणि सायरन त्याच्यापासून लांब, प्लॉटच्या झुडपात नाहीतर भिंतीपलीकडे फेकून द्यायचं. मग तो सायरन शोधत बसेल किंवा निघून जाईल, दोन्हीत मुलगी पळालेली असेल. आणि ते बॅगेच्या आत नको, रुमाल डबा चार्जर यांच्या खाली गेलं की सापडत नाही. बॅगेच्या पट्ट्याला छातीच्या उंचीवर बाहेरून, ज्या हाताने लिहिते त्या हाताला येईल असं.

शिट्टीचं म्हणाल तर आत गोळी असलेली घेऊ नका, फार जोरात फुंकली किंवा ओली झाली की ती गोळी अडकते. बिनगोळीची घ्या, रेफ्री वापरतात ती, फॉक्स ४० नावाची १९८७ पासून मिळते, तशाच दुसऱ्याही आता आहेत, ११० च्या पुढे जाते. सेल लागत नाही, पावसात चालते. पण तिला श्वास लागतो आणि तोंड अडकतं, शब्द ओरडता येत नाही. आणि गळ्यात दोरीने घालू नका, ती दोरी धरून ओढता येते.

वृषाली_सिन्नर
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, आत्ताच आईला वाचून दाखवलं, ती ऐकत बसली होती शेवटपर्यंत. बहिणीला पण लिंक पाठवली. तिने विचारलंय की ओरडायचं काय? वाचवा वाचवा म्हणून लोक बाहेर येतात का? कुणीतरी तिला सांगितलंय की आग आग ओरड, किंवा चोर चोर ओरड, मग लोक लगेच येतात. आणि उद्या त्याने उलटी पोलिसात तक्रार केली तर?

कोर्टाची_पायरी
वकील आहे, निफाड तालुक्यात प्रॅक्टिस करतो. उलट्या तक्रारीची भीती मनातून काढून टाका. स्वतःच्या शरीराचं रक्षण करणं हा कायद्याने दिलेला अधिकार आहे, आधी भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. अट एवढीच की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. सायरन वाजवणं, ओरडणं यात कुणाला इजाच होत नाही, त्यामुळे प्रश्नच येत नाही. पेपर स्प्रेही स्वसंरक्षणासाठी बाळगायला हरकत नाही.

पण काय ओरडायचं यावर मला कळकळीने सांगायचंय. चोर चोर किंवा पोरं पळवणारा असं कधीच ओरडू नका, खोटं तर नाहीच. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजारात पोरं पळवणारे आलेत या अफवेवर जमावाने पाच जणांना ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. जमाव आला की तो विचारत नाही. आपल्याला मदत हवी आहे, कुणाचा तरी जीव घ्यायला नको, आणि त्या गर्दीत चुकून भलताच माणूस सापडला तर ते ओझं आयुष्यभराचं.

आग आग चा सल्लाही मला तितकासा पटत नाही. लोक बाहेर येतील, पण धूर शोधतील, तुमच्या बहिणीकडे बघणार नाहीत. जे घडतंय तेच ओरडावं. हा माणूस मला ओढतोय, मी याला ओळखत नाही. हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण बघणाऱ्यांना नवरा-बायकोचं भांडण वाटलं तर लोक मधे पडत नाहीत, हे मी साक्षीदारांच्या तोंडून कोर्टात ऐकलंय. आणि सगळ्यांना मिळून हाक मारण्यापेक्षा एकाला मारावी, ओ पांढऱ्या शर्टवाले दादा, ११२ लावा. ज्याला हाक मारली त्याला मग मान फिरवता येत नाही.

कराटे_ताई_कोल्हापूर
वकीलसाहेब अगदी बरोबर. त्यात एक भर, त्याच्यावर ओरडायचं ते दोन-चार अक्षरी, मागे हो, सोड, हात काढ. दादा प्लीज सोडा ना हे नको, त्यात बोलणी सुरू होतात. मागे हो मधला आ आणि ए लांब पोचतो, तोंड उघडं राहतं.

आणि ही बाब फक्त अनोळखी बाईकवाल्यापुरती धरू नका. एनसीआरबीचा (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) कुठल्याही वर्षाचा अहवाल काढा, बलात्काराच्या गुन्ह्यांत बहुतांश आरोपी ओळखीचेच, नातेवाईक, शेजारी, मित्र, कामावरचा कुणी. तिथे अंधार नसतो, सायरन बॅगेत आणि बॅग दुसऱ्या खोलीत असते, आणि मुलगी ओरडत नाही कारण लोक काय म्हणतील. त्या ओळखीच्या माणसावर आवाज चढवायची परवानगी घरून मिळालेली पाहिजे. तुमच्या आईंनी एकदा बहिणीला स्पष्ट सांगावं की कुणीही असू दे, काका असो की डॉक्टर असो, नको वाटलं तर ओरड, मी तुझ्या बाजूला आहे. हे वाक्य सायरनपेक्षा लवकर हाताशी येतं.

बदलापूर_लेडीज
लोकलवाल्यांसाठी पण लिहिते. गर्दीत कुणी हात लावला तर बाकीच्या बायकांनी ऐकलं पाहिजे असं मोठ्याने, आणि माणूस दाखवून, हा चेक्सचा शर्ट, हात काढ. नुसतं ई किंवा शी केलं तर कुणाला कळत नाही कोण ते. रात्रीच्या लेडीज डब्यात एकटी असताना कुणी चढला तर साखळी ओढायला घाबरू नका, सबळ कारण असेल तर दंड होत नाही. रेल्वेचा हेल्पलाइन नंबर १३९ आणि रेल्वे पोलिसांचा १५१२ सेव्ह करून ठेवा. चालत्या गाडीच्या खडखडाटात सायरन शेजारच्या डब्यात जाईल याची खात्री नाही, पण आपल्या डब्यातल्या सगळ्या माना वळतात.

शिरूरकर
आमच्याकडे गावात याचं दुसरंच रूप आहे. ग्रामसुरक्षा यंत्रणा नावाची सोय आहे, नाशिक, नगर, पुणे बऱ्याच जिल्ह्यांत चालते, एक टोल फ्री नंबर असतो, त्यावर फोन करून बोललं की तुमच्याच आवाजातला निरोप गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी कॉल म्हणून जातो. चोर आले, बिबट्या आला, आग लागली, दहा मिनिटांत लोक गोळा. बहीण राहते त्या भागात आहे का ते पोलीस स्टेशनला विचारा.

बिबट्याचं निघालंच आहे तर, आमच्या उसाच्या पट्ट्यात रात्री पाणी धरायला जाताना मोबाईलवर गाणी लावून किंवा काठीला घुंगरू बांधून जातात, वनखातंही तेच सांगतं, कारण आवाज आला की तो आधीच बाजूला होतो, अचानक समोरासमोर गाठ पडत नाही. पण तीच युक्ती भटक्या कुत्र्यांवर करू नका. कुत्रं अंगावर आलं की किंचाळणं आणि पळणं दोन्हीने ते जास्त चेकाळतं, तिथे उभं राहून, नजर न भिडवता हळूहळू मागे सरकायचं. तुमच्या बहिणीच्या रस्त्यावर मोकळे प्लॉट आहेत म्हणजे कुत्री असणारच, तिला हा फरक सांगा.

वृषाली_सिन्नर
ग्रामसुरक्षेचं माहीतच नव्हतं, उद्या विचारते. ठरलंय ते लिहिते. पिनवालं सायरन मागवलं, बॅगेच्या पट्ट्याला लावणार. मेन रोडला मेडिकलवाले काका अकरापर्यंत दुकान उघडं ठेवतात, त्यांना बहिणीने जाऊन सांगितलं, ते म्हणाले रोज मला हात करून जात जा, आणि काही झालं तर इकडेच पळत ये. बाईकवाल्याचं पोलीस स्टेशनला पण तोंडी सांगून आलो, रात्री त्या रस्त्याने गाडी फिरवतो म्हणाले. फोनमध्ये एसओएस चालू केलं, तिच्या फोनला पॉवर बटण पटापट दाबलं की ११२ लागतो आणि माझ्या फोनवर लोकेशन येतं, प्रत्येक फोनला किती वेळा दाबायचं ते वेगळं आहे म्हणे, सेटिंगमध्ये बघा सगळ्यांनी.

एकच शेवटचं, सायरनचे सेल किती टिकतात? नाशिकच्या पावसात भिजलं तर?

आवाजातला_माणूस
त्यात बहुतेक एलआर४४ चे बटण सेल असतात. वाजवलं नाही तर खूप महिने टिकतात पण ओलाव्याने टोकांना गंज चढतो आणि नेमक्या वेळी आवाज मरतुकडा येतो किंवा येतच नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पिन ओढून लगेच परत लावा, आवाज खरखरीत वाटला की सेल बदला, घड्याळजीकडे मिळतात, जास्तीचे दोन-तीन घरात ठेवा. पिन फार घट्ट असेल तर आधी चार-सहा वेळा ओढून सैल करून घ्या, तिच्या हाताने, तुमच्या नाही. आणि ओढतानाच पळायची सवय करून घ्या, ताईंनी वर लिहिलंय तसं.